कर्नेलचे डीबगिंग पर्याय: कोणते, कुठे आणि किती

संगणकावरचा एखादा साधा प्रोग्राम कोसळला की त्याची उस्तवार करायला ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नेल हजर असतो. तो प्रोग्राम बंद करतो, त्याने अडवलेली मेमरी सोडवतो, हवे असल्यास कुठे काय बिघडले याची नोंद ठेवतो आणि बाकीचे काम चालू राहते. कर्नेल स्वतःच चुकला तर मात्र त्याच्यावर देखरेख करणारे कोणी नसते. ज्याने पडद्यावर अक्षरे उमटवायची, डिस्कवर नोंद लिहायची, नेटवर्कवरून निरोप धाडायचा, तोच जायबंदी झालेला असतो. म्हणून कर्नेलमधल्या चुका शोधायची साधने कर्नेलच्या पोटातच, तो बांधला जात असताना बसवावी लागतात. कोणती बसवायची आणि कोणती वगळायची, हे ठरवणे म्हणजे कर्नेलचे डीबगिंग पर्याय निवडणे.

लिनक्समध्ये ही निवड कर्नेल कंपाइल करण्याआधी होते. मूळ कोडच्या फोल्डरमध्ये ‘मेक मेन्युकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की निळ्या पडद्यावर मेन्यू उघडतो. त्यात हजारो पर्याय आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘मॉड्यूल म्हणून’ एवढीच उत्तरे असतात. या पर्यायांची आजची भाषा, केकॉन्फिग, रोमन झिपेल यांनी लिहिली आणि २००२ साली २.५ मालिकेत ती कर्नेलमध्ये आली. सगळी उत्तरे ‘डॉट कॉन्फिग’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरतात. डीबगिंगचे बहुतेक पर्याय मेन्यूच्या तळाशी ‘कर्नेल हॅकिंग’ या शीर्षकाखाली असतात, आणि त्यातला ‘डीबग कर्नेल’ हा पर्याय म्हणजे वेशीचा दरवाजा आहे. तो स्वतः फारसे काही करत नाही, पण तो उघडल्याशिवाय आतले बरेच पर्याय दिसतच नाहीत.

इथे नवखे हमखास फसतात. पर्यायांची एकमेकांवर अवलंबित्वे असतात: काही पर्याय दुसरा चालू असेल तरच चालतात, काही स्वतःबरोबर आणखी चार पर्याय ओढून आणतात. कुणी मेन्यू टाळून ‘डॉट कॉन्फिग’मध्ये हाताने एक ओळ लिहिली आणि तिची अट पुरी झाली नसेल, तर कंपाइल करताना ती ओळ बिनबोभाट गाळली जाते. त्रुटी दाखवली जात नाही की सूचना येत नाही. तासभर कंपाइल करून, यंत्र नव्या कर्नेलवर चालू करून, चूक पुन्हा घडवून आणल्यावर लक्षात येते की ज्याच्या भरवशावर हे सगळे केले तो पर्याय कर्नेलमध्ये नाहीच. म्हणून ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवल्यावर फाइल पुन्हा उघडून ओळ जागेवर आहे का ते पाहावे. त्याहून बरे म्हणजे ‘आयकेकॉन्फिग’ हा पर्याय कायम चालू ठेवावा. त्याने कॉन्फिग फाइलची प्रत कर्नेलच्या आतच साठते आणि सोबतचा ‘आयकेकॉन्फिग प्रॉक’ही चालू असेल तर चालू यंत्राला ‘तू कोणत्या पर्यायांनी बांधला गेलास’ असे केव्हाही विचारता येते.

निवडीचा खरा प्रश्न यंत्र कुठे आहे हा असतो. पुण्यातल्या एखाद्या प्रयोगशाळेत टेबलावर उघडे पडलेले यंत्र आणि पुणे-सोलापूर महामार्गावर दीडशेहून अधिक किलोमीटर पुढे, टेंभुर्णीच्या परिसरात एखाद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसवलेले यंत्र यांना एकच कर्नेल चालत नाही. माढा तालुक्याच्या या भागात उजनीच्या पाण्यावर ऊस पिकतो. गाळप हंगामात काट्यापुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. भरलेल्या गाडीचे वजन, गव्हाणीवर ऊस उतरवून परतलेल्या रिकाम्या गाडीचे वजन आणि दोहोंतला फरक म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर पडणारा ऊस. समजा, काट्याचा इंडिकेटर सिरियल केबलने लिनक्सवर चालणाऱ्या लहानशा संगणकाला जोडलेला आहे, आणि दर दोन-चार दिवसांनी, बहुधा रात्रपाळीत, तो संगणक गोठतो. चालक बटण दाबून तो पुन्हा चालू करतो. सकाळी फोनवर विचारले तर एकच उत्तर मिळते: ‘हँग झाला होता, आता चालू आहे.’ घडलेल्या गोष्टीचा पुरावा बटण दाबताच गेलेला असतो. टेबलावरच्या यंत्राला वाटेल तितके मंद, वाटेल तितके बडबडे करता येते. काट्यावरच्या यंत्राने रांग अडवता कामा नये, आणि तरीही चूक घडली तर मागे काहीतरी ठेवून गेले पाहिजे.

सर्वांत साधा माग म्हणजे कर्नेलचे स्वतःचे संदेश. ते ‘प्रिंटके’ या फंक्शनमधून निघतात आणि मेमरीतल्या एका वर्तुळाकार साठ्यात जमा होतात. साठा भरला की जुने संदेश पुसले जाऊन नवे बसतात. त्याचा आकार ‘लॉग बफर शिफ्ट’ या पर्यायाने ठरतो. नेहमीचे मूल्य १७, म्हणजे दोनचा सतरावा घात, १,३१,०७२ बाइट. वाचाळ ड्रायव्हर असलेल्या यंत्रावर एवढी जागा काही मिनिटांत भरू शकते. तिथे मूल्य १८ किंवा १९ करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ‘प्रिंटके टाइम’ चालू असेल तर प्रत्येक ओळीआधी यंत्र सुरू झाल्यापासूनचे सेकंद छापले जातात. तो बंद ठेवण्याचे काही कारण नाही.

संदेशांना ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत. ० म्हणजे आणीबाणी, ७ म्हणजे निव्वळ डीबगिंगची टिपणे. साठ्यात सगळे जाते, पण कन्सोलवर किती जायचे याची मर्यादा वेगळी असते, आणि ती सैल सोडली तर तिची किंमत मोजावी लागते. सिरियल कन्सोल १,१५,२०० बॉडच्या वेगाने सेकंदाला साधारण ११,५०० अक्षरे पाठवते. म्हणजे भरलेला १२८ किलोबाइटचा साठा बाहेर काढायला अकरा सेकंदांच्या वर वेळ जातो. तीच कन्सोल ९,६०० बॉडवर असेल तर सव्वादोन मिनिटे. बऱ्याचदा ज्या प्रोसेसरने संदेश छापला तोच या संथ कामात अडकून पडतो. ‘चूक शोधायला छपाई वाढवली आणि चूकच नाहीशी झाली’ ही तक्रार कर्नेलवाल्यांत जुनी आहे. छपाईने वेळेचे गणित बदलते, आणि वेळेवर बेतलेली चूक मग घडतच नाही. यासाठी ‘डायनॅमिक डीबग’ उपयोगी पडतो. ड्रायव्हरमध्ये लिहून ठेवलेली डीबग टिपणे तो निष्क्रिय अवस्थेत कर्नेलमध्ये राहू देतो आणि चालू यंत्रावर, हवी ती फाइल किंवा हवी ती एकच ओळ नेमकी जागी करू देतो. वजनकाट्यावरच्या यंत्रात सिरियल ड्रायव्हरपुरती टिपणे रात्री चालू करून सकाळी बंद करता येतात. कर्नेल बदलावा लागत नाही, यंत्र बंदही करावे लागत नाही.

कर्नेलच्या हातून गंभीर चूक झाली की तो जो मजकूर छापतो त्याला ‘ऊप्स’ म्हणतात. तो वाचता आला तर निम्मे काम होते. पहिली ओळ बहुधा असे काही सांगते: कर्नेलने शून्य पॉइंटर वापरला, पत्ता १८. हा आकडा हेक्साडेसिमल, म्हणजे आपल्या मोजणीत २४. शून्य पत्त्यावर काहीच नसते. तिथून २४ बाइटवर वाचायला गेलेला कोड बहुधा एखाद्या रचनेतला चोविसाव्या बाइटवरचा घटक शोधत होता, आणि त्या रचनेचा पॉइंटर रिकामा होता. पुढच्या ओळीत फंक्शनचे नाव आणि दोन आकडे येतात: फंक्शनच्या सुरुवातीपासून किती बाइटवर घोळ झाला आणि फंक्शन एकूण किती लांब आहे. त्याखाली कोणी कोणाला बोलावले याची उतरंड असते. ‘टेंटेड’ या शब्दापुढची अक्षरेही नजरेआड करू नयेत. कर्नेलबाहेरून आणलेले किंवा बंद कोडचे मॉड्यूल भरलेले असेल तर ते तिथे कळते, आणि मग मूळ कर्नेलला दोष देण्याआधी त्या मॉड्यूलकडे बघावे लागते.

फंक्शनची नावे दिसतात ती ‘कॉलसिम्स’ या पर्यायामुळे. तो नसेल तर नुसते पत्ते छापले जातात, आणि हल्ली दर वेळी यंत्र सुरू होताना कर्नेल मेमरीत वेगळ्या जागी बसत असल्यामुळे ते पत्ते दुसऱ्या दिवशी निरुपयोगी असतात. फंक्शनपासून मूळ कोडच्या नेमक्या ओळीपर्यंत पोहोचायला ‘डीबग इन्फो’ लागतो. याच्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे: तो चालू केला की कर्नेल मंदावतो. तसे होत नाही. कंपाइलर ‘कोणती सूचना कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीतून आली’ याचा तक्ता फाइलमध्ये वेगळ्या विभागात लिहितो. चालणाऱ्या सूचना त्याच राहतात. फुगते ती ‘व्हीएमलिनक्स’ ही फाइल, तीही शेकडो मेगाबाइटपर्यंत, आणि कंपाइलला वेळ व डिस्क जास्त लागते. पण ही फाइल यंत्रावर न्यायचीच नसते. काट्यावर जाते ती काटछाट करून आवळलेली प्रतिमा, आणि तक्त्यासह पूर्ण फाइल प्रयोगशाळेत राहते. टेंभुर्णीहून आलेला ऊप्सचा मजकूर मूळ कोडसोबत मिळणाऱ्या ‘डीकोड स्टॅकट्रेस’ या स्क्रिप्टमध्ये, त्या पूर्ण फाइलसह, घातला की प्रत्येक फंक्शनपुढे फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक येतो.

ऊप्स वाचायचा तर तो आधी हाती लागला पाहिजे, आणि दूरच्या यंत्राची खरी अडचण तीच आहे. ऊप्सनंतर कर्नेल नेहमी थांबतोच असे नाही. चुकलेल्या कामाला मारून तो लंगडत पुढे जाऊ शकतो. त्या कामाने एखादे कुलूप धरून ठेवले असेल तर त्याची वाट पाहणारी बाकीची कामे एकेक करून गोठतात, आणि रात्रपाळीतल्या चालकाला दिसते ते हेच. वजन मोजणाऱ्या यंत्राने असे अर्धवट जिवंत राहण्यापेक्षा स्वच्छ मरून पुन्हा सुरू झालेले बरे. त्यासाठी ऊप्स होताच पॅनिक घडवून, म्हणजे कर्नेलला पूर्ण थांबवून टाकणारा ‘पॅनिक ऑन ऊप्स’ चालू करायचा आणि थांबल्यावर किती वेळाने यंत्र पुन्हा सुरू व्हायचे ते ठरवणारा ‘पॅनिक टाइमआउट’ दहा-पंधरा सेकंदांवर ठेवायचा. काहीच न छापता अडकलेल्या यंत्रासाठी पहारेकरी पर्याय आहेत. ‘सॉफ्ट लॉकअप’ तपासणी एखादा प्रोसेसर नेहमीच्या मूल्यांनुसार सुमारे २० सेकंद कर्नेलमध्येच फिरत राहिला तर ओरडते. ‘हार्ड लॉकअप’ इंटरप्टही न घेणाऱ्या प्रोसेसरला साधारण १० सेकंदांत पकडते. ‘हंग टास्क’ मध्येच उठवता न येणाऱ्या झोपेत १२० सेकंद अडकलेले काम दाखवते. या तिन्हींना नुसते ओरडायचे की यंत्र पाडायचे हे वेगळे सांगता येते. त्यांचा भार नगण्य आहे, त्यामुळे काट्यावरच्या कर्नेलमध्ये ते असायलाच हवेत.

मग मरताना लिहिलेले शेवटचे शब्द जपायचे कुठे? पहिला मार्ग ‘पीस्टोअर’चा. रॅमचा एक लहान तुकडा, अगदी एक मेगाबाइटही पुरतो, कर्नेलपासून राखून ठेवायचा. पॅनिक झाला की संदेशांचा साठा तिथे उतरतो आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर फाइलच्या रूपात वाचता येतो. ही रॅम गरम रीस्टार्टमध्ये टिकते, वीज गेली की पुसली जाते. त्यामुळे ग्रामीण भागात, जिथे विजेचा लपंडाव नेहमीचा, पीस्टोअर उपयोगी पडायचा तर यूपीएसची बॅटरी धडधाकट हवी आणि चालकाने मुख्य स्विच बंद-चालू करता कामा नये. यंत्र आपोआप सुरू होण्याचा ‘पॅनिक टाइमआउट’ इथे दुसऱ्यांदा कामी येतो. चालकाचा हात स्विचपर्यंत जायच्या आत यंत्र उठलेले असते. दुसरा मार्ग ‘नेटकन्सोल’चा. तो प्रत्येक संदेश यूडीपी पाकिटात घालून नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकाकडे फेकतो. पोच मिळत नाही, पाकीट हरवले तर हरवले. पण कारखान्याच्या ऑफिसात चोवीस तास चालणारा दुसरा संगणक असेल तर ही सोय फुकट आहे.

तिसरा मार्ग सर्वांत दांडगा: केडम्प. यंत्र सुरू होतानाच मेमरीचा एक भाग राखून त्यात दुसरा, लहान कर्नेल भरून ठेवतात. पहिला कर्नेल कोसळला की बायॉसकडे न जाता थेट त्या दुसऱ्याकडे उडी मारली जाते, आणि तो शांतपणे पहिल्याच्या संपूर्ण मेमरीची प्रत डिस्कवर लिहितो. ही व्यवस्था २००५ साली २.६.१३ या आवृत्तीत आली. तिच्यामागचे केएक्सेक तंत्र एरिक बिडरमन यांचे आणि केडम्पचे काम विवेक गोयल, हरिप्रसाद नेल्लिथीर्थ आणि मनीष सोनी या आयबीएमच्या अभियंत्यांचे. मोठ्या सर्व्हरसाठी केडम्पला तोड नाही. पण त्याच्यासाठी अनेकदा २५६ मेगाबाइट मेमरी कायमची बाजूला काढावी लागते. एक गिगाबाइट रॅमच्या काट्यावरच्या यंत्रातून चौथा हिस्सा असा अडवणे कोणी मान्य करणार नाही. तिथे पीस्टोअरच बरा.

समजा, पीस्टोअरने एक ऊप्स हाती दिला. त्यातून दिसते की इंडिकेटरला जोडणारा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर क्षणभर सुटला, ड्रायव्हरने त्याची रचना मेमरीतून मोकळी केली आणि तेवढ्यात दुसऱ्या कामाने तीच रचना वापरली. मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर हा कर्नेलमधला फार मोठा रोग आहे. त्याचे निदान अवघड असते, कारण कोड चुकतो एका जागी आणि यंत्र कोसळते भलत्याच ठिकाणी, कधी तासांनंतर. आता तेच यंत्र टेबलावर आणायचे आणि त्यावर जड पर्यायांचा कर्नेल चढवायचा.

त्यात पहिला मान ‘केएसॅन’चा. आंद्रेय रियाबिनिन यांनी लिहिलेला हा तपासनीस २०१५ साली ४.० आवृत्तीत आला. त्याची युक्ती सोपी आहे. मेमरीच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट वेगळ्या ‘सावली’ भागात राखला जातो. तो शून्य असेल तर आठही बाइट वापरायला मोकळे. एक ते सात असेल तर पहिले तेवढेच मोकळे. ऋण असेल तर आठही निषिद्ध, आणि तो ऋण आकडा निषिद्ध का हेही सांगतो. कंपाइलर प्रत्येक वाचना-लेखनाआधी या सावलीची तपासणी घुसवतो. मोकळी केलेली मेमरी लगेच दुसऱ्याला न देता काही काळ विलगीकरणात ठेवली जाते, म्हणजे चुकार वापर पकडण्याची संधी वाढते. पकडल्यावर जो अहवाल छापला जातो त्यात तीन उतरंडी असतात: मेमरी कोणी मागितली, कोणी सोडली आणि सोडल्यावर कोणी वापरली. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला याहून अधिक काही लागत नाही. किंमत मात्र चांगलीच आहे. एकूण मेमरीचा आठवा हिस्सा सावलीत जातो आणि काम दीड ते तीन पट मंदावते. कन्व्हर्टरची वायर शंभरदा उपटून पुन्हा लावायची, आणि केएसॅन बोलतो का ते बघायचे, हे टेबलावरचे काम आहे.

काट्यावर काही ठेवायचे असेल तर २०२१ साली ५.१२ आवृत्तीत आलेला ‘केफेन्स’ आहे. तो सगळ्या मेमरीवर लक्ष ठेवत नाही. नेहमीच्या मूल्यानुसार दर १०० मिलिसेकंदांनी एखादीच मागणी उचलून ती पहारा असलेल्या पानांवर बसवतो. अशा २५५ जागांना मिळून जेमतेम दोन मेगाबाइट लागतात आणि वेगात फरक जाणवत नाही. एका यंत्रावर तो महिनोन्महिने गप्प राहील. जिल्हाभर पसरलेल्या शेकडो यंत्रांवर मिळून मात्र चूक कधी ना कधी त्याच्या जाळ्यात येते. त्याची खरी ताकद संख्येत आहे.

दुसरा जड पर्याय ‘प्रूव्ह लॉकिंग’, ज्याच्या यंत्रणेला सगळे ‘लॉकडेप’ म्हणतात. इंगो मोल्नार यांची ही करामत २००६ मध्ये २.६.१८ आवृत्तीत आली. एका कामाने आधी पहिले कुलूप आणि मग दुसरे घेतले, दुसऱ्या कामाने उलट क्रमाने घेतले, आणि दोघे नेमक्या एका क्षणी भेटले तर दोघेही कायमचे अडकतात. असा क्षण वर्षातून एकदा येत असेल तर चाचणीत तो सापडणार कसा? लॉकडेप त्या क्षणाची वाटच पाहत नाही. कोणत्या प्रकारच्या कुलपानंतर कोणत्या प्रकारचे घेतले गेले याची तो नोंद ठेवतो. सकाळी एक क्रम दिसला आणि संध्याकाळी उलटा दिसला, तर दोन्ही वेळा सगळे सुरळीत पार पडले असले तरी तो इशारा देतो. कर्नेलच्या सगळ्या तपासनिसांत हा सर्वांत हुशार म्हणावा लागेल. त्याची एक खोड ठाऊक असावी: पहिला इशारा दिला की तो स्वतःला बंद करून घेतो. म्हणून पहिला इशारा, तो दुसऱ्याच कोणाच्या ड्रायव्हरचा असला तरी, आधी निस्तरावा लागतो. नाहीतर त्यानंतरची शांतता फसवी ठरते.

याच पंगतीत ‘डीबग ॲटॉमिक स्लीप’ आहे, जो झोपायला मनाई असलेल्या ठिकाणी झोपू शकणारे फंक्शन बोलावले तर टोकतो. गळती शोधणारा ‘केमेमलीक’ आहे. आणि दोन प्रोसेसरांची एकाच बाइटवरची झटापट पकडणारा ‘केसीसॅन’ आहे. हे सगळे एकेक करून शोधत बसावे लागू नये म्हणून कर्नेलच्या कोडमध्येच ‘डीबग डॉट कॉन्फिग’ नावाचा तयार तुकडा ठेवलेला असतो. तो मूळ कॉन्फिगवर चढवला की बराचसा संच चालू होतो. केएसॅन आणि केसीसॅन मात्र एकाच कर्नेलमध्ये चालत नाहीत, त्यांच्यासाठी दोन वेगळे कर्नेल बांधावे लागतात.

कर्नेल चालू असताना त्याला मध्येच थांबवून, त्याचे चल तपासून, एकेक पाऊल पुढे नेणे ही खरी डीबगरची पद्धत. लिनक्समध्ये ती सोय देणाऱ्या ‘केजीडीबी’ या पर्यायाच्या इतिहासात पुण्याचे नाव ठळक आहे. डेव्हिड ग्रोथ आणि टिग्रान ऐवाझियन यांनी केलेल्या मूळ कामाला पुढे अनेक वर्षे सांभाळले आणि वाढवले ते अमित काळे यांनी. कर्नेलच्या कोडमध्ये ‘डीबग कोअर’ ही फाइल आजही उघडली तर डोक्यावरच्या हक्कनोंदींत ही वाटचाल दिसते: २०००-०१ व्हेरिटास, २००३-०४ अमित एस. काळे, २००४-०६ लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज. व्हेरिटासचे मोठे विकास केंद्र पुण्यात होते, आणि लिनसिससॉफ्ट ही पुण्याचीच कंपनी. त्या काळात केजीडीबी मुख्य कर्नेलमध्ये नव्हता. वेगळा पॅच उतरवून घ्यायचा, आपल्या आवृत्तीवर बसवायचा आणि मग कंपाइल करायचे, अशी रीत होती.

मुख्य कर्नेलमध्ये तो इतका उशिरा येण्याचे कारण तांत्रिक कमी आणि तात्त्विक जास्त होते. लिनस टोरवाल्ड्स यांना कर्नेलमध्ये डीबगर नकोच होता. डीबगर हाताशी असला की माणूस कोड समजून घेण्याऐवजी लक्षणावर ठिगळ लावतो, असे त्यांचे मत २००० सालापासून जाहीर होते. या मताला अनुभवाचा आधार आहे हे मान्य करूनही, अनोळखी हार्डवेअरसाठी ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ते फार मदतीचे नाही असेच म्हणावे लागेल. टॉम रिनी, पावेल माखेक, जेसन वेसल अशा अनेकांनी कोडचा कायापालट केला, इंगो मोल्नार यांनी तो छाटून सुटसुटीत केला आणि जुलै २००८ मध्ये २.६.२६ आवृत्तीबरोबर केजीडीबी अखेर अधिकृत झाला. यंत्रावरच्याच कीबोर्डवरून चालणारा त्याचा साथी ‘केडीबी’ २०१० मध्ये २.६.३५ बरोबर आला.

केजीडीबीला दोन यंत्रे लागतात. एकावर तपासायचा कर्नेल, दुसऱ्यावर जीडीबी हा डीबगर आणि ती डीबग इन्फोने फुगलेली व्हीएमलिनक्स फाइल, मध्ये सिरियल केबल. पहिल्याच्या कर्नेलमध्ये ‘केजीडीबी’ आणि ‘केजीडीबी सिरियल कन्सोल’ हे दोन पर्याय चालू हवेत. यंत्र सुरू करताना कोणता पोर्ट वापरायचा ते सांगावे लागते आणि कर्नेलची जागा दर वेळी बदलणारी यंत्रणा बंद करावी लागते, नाहीतर जीडीबीचे पत्ते जुळत नाहीत. कर्नेल थांबला की सगळे प्रोसेसर एकदम थांबतात. घड्याळ, नेटवर्क, सगळे. वजनकाट्यावर ही चैन अशक्य आहे, आणि तिथे आणखी एक साधी अडचण आहे: केजीडीबीला असा पोर्ट लागतो जो इंटरप्टशिवाय थेट वाचता-लिहिता येतो. यूएसबी कन्व्हर्टर त्याला सहसा चालत नाहीत, आणि बोर्डावरचा खरा सिरियल पोर्ट असलाच तर तो आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला असतो.

दूरच्या यंत्रावर केजीडीबीऐवजी ‘मॅजिक सिसआरक्यू’ बराच उपयोगी आहे. ऑल्ट आणि सिसआरक्यू धरून एखादे अक्षर दाबले की कर्नेल, बाकी सगळे गोठले असले तरी, बऱ्याचदा प्रतिसाद देतो. ‘डब्ल्यू’ने अडकलेल्या कामांची यादी छापली जाते, ‘एस’ने डिस्कवरचे लेखन पुरे होते, ‘यू’ने डिस्क फक्त-वाचन होते, ‘बी’ने यंत्र पुन्हा सुरू होते. रात्रपाळीच्या चालकाला बटण दाबण्याआधी ‘डब्ल्यू’ आणि मग एस, यू, बी एवढा क्रम कागदावर लिहून दिला तरी बरेच साधते.

हेच दरवाजे चोरालाही उपयोगी पडतात, हे पर्याय निवडताना विसरून चालत नाही. कर्नेलचे खरे पत्ते संदेशांतून बाहेर पडले तर हल्ला सोपा होतो, म्हणून ‘डीमेसेज रिस्ट्रिक्ट’ चालू ठेवून साठा फक्त प्रशासकालाच वाचू द्यावा. कर्नेलची आतली स्थिती फाइलींच्या रूपात उघडी करणारी डीबगएफएस ही फाइलव्यवस्था मैदानातल्या यंत्रात जोडलेली नसावी. सिसआरक्यूची सगळी अक्षरे खुली ठेवण्याऐवजी वरची चार अक्षरे ज्या गटांत येतात तेवढेच गट चालतील असा आकडा द्यावा. केजीडीबी तर पूर्ण वगळावा. २०१९ मध्ये ५.४ आवृत्तीत ‘लॉकडाउन’ ही सुरक्षाव्यवस्था आली, जी प्रशासकालाही कर्नेलमध्ये हात घालू देत नाही. तिला केजीडीबीच्या वाटेने बगल देता येते हे २०२२ मध्ये लक्षात आले आणि मग ती वाट बंद करण्यात आली. पैशाशी थेट संबंध असलेल्या काट्यावर ही खबरदारी जास्तच लागू आहे.

व्यवहारात म्हणून एकाच मूळ कोडमधून दोन कर्नेल बांधतात. समान पर्यायांची एक फाइल, आणि वर चढवायचे दोन लहान तुकडे: एक टेबलासाठी, एक मैदानासाठी. रेड हॅट आणि फेडोरासारखी वितरणेही नेहमीच्या कर्नेलबरोबर जड तपासण्यांचा वेगळा डीबग कर्नेल देतातच. मैदानातला प्रत्येक कर्नेल बांधला की त्याची पूर्ण व्हीएमलिनक्स फाइल, मॉड्यूलांच्या न छाटलेल्या प्रती आणि कॉन्फिग एकत्र बांधून साठवायची. नुसत्या आवृत्तीच्या क्रमांकावर विसंबू नये, कारण तोच क्रमांक ठेवून पर्याय बदलून पुन्हा बांधलेला कर्नेल वेगळा असतो आणि त्याच्या ओळी जुन्या फाइलशी जुळत नाहीत. लिंकर प्रत्येक बांधणीला ‘बिल्ड आयडी’ नावाचा ठसा देतो. ‘स्टॅकट्रेस बिल्ड आयडी’ हा पर्याय चालू असेल तर तो ऊप्सच्या मजकुरातच छापला जातो, आणि टेंभुर्णीहून आलेल्या मजकुराशी साठ्यातली नेमकी कोणती फाइल लावायची ते त्यावरून कळते.